डॉ. वसंत रामजी खानोलकर : कर्करोगाचं मूळ माणसाच्या सवयीत शोधणारे डॉक्टर

धार-देवासच्या एखाद्या मराठी घरात कुणाला कर्करोग निघाला, की आठवडाभरात दोन प्रकारचे सल्ले येऊन धडकतात. कुणी सांगतं, घराशेजारच्या मोबाइल टॉवरमुळेच हे झालं. कुणी सांगतं, सदाफुलीची पानं रोज सकाळी चावून खा, महिनाभरात गाठ विरघळेल. निपाणी-बेळगावकडेही हेच ऐकायला मिळतं. भाषा तीच आणि व्हॉट्सअॅपचा निरोपही तोच. रोगी मात्र या दोन सल्ल्यांच्या मध्ये अडकतो आणि परळच्या टाटा हॉस्पिटलात पोचेपर्यंत बऱ्याचदा उशीर झालेला असतो.

एखाद्या गोष्टीने कर्करोग होतो की नाही, आणि एखाद्या औषधाने तो बरा होतो की नाही, हे ठरवायचं कसं? आपल्या देशात याची रीत ज्यांनी घालून दिली, त्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचं नाव पहिल्या ओळीत येतं. त्यांना जाऊन आता जवळपास अर्धं शतक होईल. वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांचं नाव आदराने घेतलं जातं, सामान्य वाचकाला मात्र ते फारसं ठाऊक नाही.

क्ष-किरणांच्या वर्षी जन्म

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा, गोमंतक मराठा समाजातल्या कुटुंबातला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात जर्मनीत राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. पुढे काही वर्षांतच क्ष-किरण आणि रेडियम ही कर्करोगावरची नवी हत्यारं ठरली. त्याच किरणांशी बेफिकिरीने खेळणाऱ्या डॉक्टर-तंत्रज्ञांच्या हातांवर कर्करोगाच्या जखमा उठल्या, हेही जगाने पाहिलं. औषध ठरणारी गोष्ट रोगाचं कारणही ठरू शकते, हे खानोलकरांच्या पिढीने विद्यार्थिदशेतच शिकून घेतलं होतं.

लंडन विद्यापीठातून त्यांनी १९२३ मध्ये पॅथॉलॉजीत एम.डी. केलं. मुंबईला परतल्यावर आधी ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि नंतर परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात त्यांनी शिकवलं. पॅथॉलॉजिस्टचं काम रुग्णाच्या डोळ्यांआड चालतं. सर्जन गाठीचा तुकडा काढतो आणि तो मेणात बसवून त्याचे कागदाहूनही पातळ काप काढतात. ते रंगवून काचेवर घेतात आणि मग पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सांगतो, की गाठ साधी आहे की कर्करोगाची. आपल्याकडे याला तुकडा तपासणी म्हणतात. खानोलकर या कामात निष्णात होते. पण काचेवर दिसणाऱ्या पेशींपाशी ते थांबले नाहीत. तो तुकडा ज्या माणसाचा, तो कुठला, काय खातो, काय ओढतो, काय नेसतो, हेही ते विचारू लागले. त्यांचं पुढचं सगळं मोठं काम या विचारण्यातूनच उभं राहिलं.

परळचं हॉस्पिटल आणि एक हजार रुग्ण

सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या आणि पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या विश्वस्त निधीतून परळला कर्करोगासाठी स्वतंत्र रुग्णालय उभं राहिलं. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं आणि तिथल्या प्रयोगशाळांची धुरा खानोलकरांकडे आली.

हिंदुस्थानात कर्करोग फारसा नाही, तो श्रीमंत देशांचा रोग आहे, असा तेव्हा सर्रास समज होता. परळच्या दारात लागलेली रांग वेगळंच सांगत होती. विशेषतः तोंडाचे, जिभेचे, घशाचे रोगी इतके येत, की युरोप-अमेरिकेच्या डॉक्टरांना ते खरं वाटलं नसतं. खानोलकरांनी ओळीने आलेल्या एक हजार तोंडाच्या कर्करोगांचा अभ्यास केला आणि १९४४ मध्ये तो अमेरिकेतल्या नामांकित नियतकालिकात छापून आला. इथे ओळीने या शब्दाला महत्त्व आहे. मनाजोगते रोगी निवडायचे नाहीत, येईल तो प्रत्येक मोजायचा. निवडून घेतलेल्या रुग्णांवरून काहीही सिद्ध करता येतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

या नोंदींतून दिसलं, की तंबाखू-चुन्याची गोळी तोंडात जिथे धरून ठेवतात, बऱ्याचदा तिथेच चट्टा उठतो आणि पुढे गाठ होते. बिहार-उत्तर प्रदेशाकडे खैनी खालच्या ओठाच्या आत दाबून ठेवतात, तर तिथल्या लोकांत रोगही त्याच खोबणीत. आंध्रच्या किनाऱ्यावर काही बायका चुट्ट्याचं पेटतं टोक तोंडाच्या आत धरून ओढतात, तर त्यांना रोग टाळूचा. शरीर तेच, पण सवय बदलली की रोगाची जागा बदलते.

धोतराच्या गाठीखाली

१९४५ मध्ये डॉ. सूर्याबाई यांच्यासोबत त्यांनी लिहिलेला लेख आजही जगभरच्या पाठ्यपुस्तकांत सापडतो. चालीरीतींतून होणाऱ्या कर्करोगांच्या तीन नव्या भारतीय प्रकारांची त्यात नोंद होती. त्यातला सगळ्यांत गाजलेला म्हणजे धोतराचा कर्करोग. कमरेला धोतर वर्षानुवर्षं घट्ट आवळलं, की त्या पट्ट्यातली कातडी घासून घासून आधी रंग सोडते, जाड होते, तिच्यावर चिरा पडतात आणि क्वचित कुणाला तिथेच कर्करोग होतो. पुढे डॉक्टरांना नऊवारी-सहावारी घट्ट नेसणाऱ्या बायकांतही असाच प्रकार आढळला.

धोतर नेसणारा माळव्यातला शेतकरी असो की कोकणातला, त्याला ही गोष्ट ऐकून हसूच आलं असतं. पण खानोलकरांच्या लेखी ती फार मोलाची होती. घासण्यासारखी साधी गोष्ट वर्षानुवर्षं चालू राहिली तर पेशी बिघडू शकतात, याचा तो डोळ्यांनी दिसणारा पुरावा होता. रोग देवाच्या कोपाने येत नाही, गेल्या जन्मीच्या पापाने येत नाही. त्याला कारण असतं आणि ते पुष्कळदा बदलता येतं. कमरेची गाठ सैल करता येते. तंबाखू सोडता येतो, जरी ते कमरेची गाठ सोडण्याइतकं सोपं नसलं तरी.

मुंबईसारख्या शहराचा त्यांनी पुरेपूर उपयोग करून घेतला. एकाच गावात, एकाच हवेत, एकच पाणी पिऊन राहणारे वेगवेगळे समाज, आणि प्रत्येकाचं खाणंपिणं, लग्नाचं वय, रीतिरिवाज निराळे. हिंदू बायकांत गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग जास्त, तर पारशी बायकांत स्तनाचा. हवापाण्याने हा फरक समजावता येत नव्हता. आनुवंशिकता यात किती, हे पाहण्यासाठी त्यांनी डॉ. एल. डी. संघवी यांच्याबरोबर मुंबईतल्या सहा जातिसमूहांच्या रक्तगटांचा आणि इतर आनुवंशिक लक्षणांचा अभ्यास केला. भारतीय लोकसमूहांच्या आनुवंशिकतेवरच्या सुरुवातीच्या कामांत त्याची गणना होते.

निपाणीचं पान आणि माळव्याची विडी

१९५५ मध्ये संघवी, राव आणि खानोलकर यांचा निबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. रीत सोपी होती. कर्करोगाचे रुग्ण एकीकडे घ्यायचे आणि कर्करोग नसलेली माणसं दुसरीकडे. दोघांनाही तेच प्रश्न विचारायचे: तंबाखू खाता का, विडी ओढता का, दोन्ही करता का, आणि किती? मग आकडे शेजारी शेजारी मांडायचे. ही तुलना नसेल तर नुसतं रुग्ण तंबाखू खातो एवढ्यावरून काही ठरत नाही, कारण रोग नसलेले शेजारीही खात असतील. तुलनेतून निकाल उघड झाला. तंबाखू चघळणं आणि विडी ओढणं या दोन्हींचा तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाशी संबंध होता.

सीमाभागात हे सत्य पचवणं सोपं नाही. निपाणीची बाजारपेठ तंबाखूवर उभी राहिली. इथल्या शिवारातला तंबाखू विडीत जातो, तिचं तेंदूपान येतं मध्य प्रदेशच्या जंगलातून, आणि ती वळतात हजारो बायका सूप मांडीवर घेऊन. १९८१ मध्ये भावासाठी तंबाखूउत्पादक शेतकरी निपाणीला रस्त्यावर उतरले, ते आंदोलन अजून लोक विसरलेले नाहीत. म्हणजे जे पान निपाणीच्या घराला पोसतं, तेच धार-देवासच्या किंवा निपाणीच्याच दुसऱ्या घरातला कर्ता माणूस नेतं. खानोलकरांचा अभ्यास शेतकऱ्याच्या विरोधात नव्हता. रुग्णाला रोगाचं खरं कारण कळलं पाहिजे, एवढाच त्यांचा आग्रह होता. पर्यायी पिकाचा प्रश्न डॉक्टरांचा नाही, सरकारचा आहे, आणि तो अजून सुटलेला नाही.

किरणांची भीती किती खरी?

दुसऱ्या महायुद्धानंतर जगात अणुबॉम्बच्या चाचण्यांचा सपाटा सुरू झाला. त्यांतून उडणाऱ्या किरणोत्सारी धुळीचं माणसावर काय होईल, ही चिंता वाढली. १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी पंधरा देशांची शास्त्रीय समिती नेमली आणि तिच्यावर भारतातर्फे खानोलकर गेले. अणुस्फोटांच्या परिणामांवर भारत सरकारने डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या पुढाकाराने पुस्तक काढलं, त्याच्या कामात होमी भाभांसोबत खानोलकरांचाही हात होता.

इथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण टॉवरच्या भीतीचं उत्तर त्यातच आहे. क्ष-किरण आणि गॅमा किरणांत एवढी ऊर्जा असते, की ते पेशीतल्या अणूंमधून इलेक्ट्रॉन उडवतात आणि जनुकांची साखळी तोडू शकतात. त्यांच्यामुळे कर्करोग होतो हे सिद्ध आहे, आणि नेम धरून दिले तर कर्करोगाच्या पेशी मरतात हेही सिद्ध आहे. मोबाइल, रेडिओ, टॉवर यांच्या लहरी जातीने त्यांच्याच कुळातल्या, विद्युतचुंबकीय, पण ताकदीने फारच दुबळ्या. त्यांच्याने अणू फुटत नाही. शरीरावर त्यांचा ठामपणे माहीत असलेला परिणाम म्हणजे ऊब, तीही लहरी जोरदार आणि जवळ असतील तर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये या लहरींना शक्यता असू शकेल, पण पुरावा अपुरा, अशा गटात ठेवलं. विजेच्या तारांभोवतीचं कमी वारंवारितेचं चुंबकीय क्षेत्र २००२ पासून त्याच गटात आहे. गंमत म्हणजे कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही पुढे त्याच गटात गेला. तंबाखू आणि सुपारी मात्र पहिल्या गटात आहेत, जिथे शंकेला जागाच उरलेली नाही.

केरळात करुनागपल्ली भागात समुद्राच्या वाळूत थोरियम आहे. तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या नेहमीपेक्षा कितीतरी जास्त नैसर्गिक किरणोत्सारात राहतात. खानोलकरांच्या पश्चात तिथल्या ६९,९५८ लोकांवर वर्षानुवर्षं नजर ठेवली गेली आणि २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले. त्या लोकांत १,३७९ कर्करोग सापडले, पण जास्त किरणोत्साराच्या जागी कर्करोग जास्त, असं दिसलं नाही. त्याच लोकांतल्या तोंडाच्या कर्करोगाचा वेगळा हिशेब केला, तेव्हा पुन्हा तंबाखूच समोर आला. खानोलकरांनी १९४४ मध्ये परळला जे पाहिलं होतं, तेच.

अंगणातली सदाफुली

आता दुसरा सल्ला, झाडपाल्याचा. तो निखालस खोटा नाही, म्हणूनच जास्त फसवा आहे.

माळव्यात जिला सदाबहार म्हणतात ती सदाफुली मूळची मादागास्करची. कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर हे मधुमेहावर तिचा उपयोग होतो का ते पाहत होते. साखर काही उतरली नाही, पण उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या. त्यातून १९५८ च्या सुमारास व्हिन्ब्लास्टिन हाती आलं आणि पाठोपाठ व्हिन्क्रिस्टिन. पेशी दुभंगताना आत जे सूक्ष्म दोरे ताणले जातात, ते ही औषधं बनूच देत नाहीत. म्हणून भराभर वाढणारी कर्करोगाची पेशी अडकून मरते. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर व्हिन्क्रिस्टिन आजही वापरतात.

पण शेकडो किलो वाळलेल्या पानांतून जेमतेम ग्रॅमभर औषध निघतं. ते शुद्ध करून, मिलिग्रॅममध्ये मोजून, शिरेतून देतात. थोडं जास्त झालं तर नसा निकामी होतात. अंगणातली पानं चावली तर औषध किती गेलं हे कुणालाच कळत नाही. रोगाला पुरेल इतकं ते बहुधा जात नाही, आणि सोबतची इतर द्रव्यं रक्तदाब उतरवू शकतात.

सह्याद्रीतल्या नरक्याचंही तसंच. १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी त्यात कॅम्प्टोथेसिन भरपूर असल्याचं दाखवलं. हे द्रव्य आधी अमेरिकेत वॉल आणि वाणी यांनी एका चिनी झाडातून काढलं होतं. त्यापासून बनवलेली टोपोटेकन, इरिनोटेकन ही औषधं आज मान्यताप्राप्त आहेत. मूळ द्रव्य मात्र इतकं जहाल होतं, की रुग्णांना झेपेना. आणि आपल्याकडे नरक्याची चोरटी तोड इतकी झाली, की झाडच धोक्यात आलं. माळव्याच्या अफूतून निघणारं मॉर्फिन कर्करोगाच्या वेदना थांबवतं, पण तेही मोजूनच द्यावं लागतं.

देवासच्या लोकांना यातलं मर्म सांगायला लांब जायला नको. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व १९४८ मध्ये क्षयाने आजारी होऊन देवासच्या कोरड्या हवेत राहायला आले. त्यांना पुन्हा गाता आलं त्यात स्ट्रेप्टोमायसिनचा मोठा वाटा होता. हे औषधही निसर्गातलंच, मातीतल्या जंतूपासून मिळालेलं. पण त्यावर विश्वास बसला तो १९४८ मध्ये ब्रिटनमध्ये छापून आलेल्या चाचणीमुळे. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीने ५५ रुग्णांना औषध आणि ५२ जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटातले चार गेले, दुसऱ्यातले चौदा. खानोलकर रोगाच्या कारणासाठी जी तुलना करत होते, तीच इथे औषधासाठी केली गेली. झाडपाल्याच्या दाव्याला विचारायचा प्रश्नही हाच: घेतलेले किती वाचले आणि न घेतलेले किती?

माणसं घडवणारा माणूस

१९५२ मध्ये परळला इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर सुरू झालं. त्याचे पहिले संचालक खानोलकरच. पुण्याच्या कमल समर्थ, म्हणजे पुढच्या डॉ. कमल रणदिवे, त्यांच्याच हाताखाली तयार झाल्या. प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याचं तंत्र त्यांनी इथे रुजवलं, स्तनाच्या कर्करोगावर काम केलं आणि पुढे त्या संस्थेची धुराही सांभाळली. खानोलकरांनी कुष्ठरोगाचाही खोल अभ्यास केला. जंतू मज्जातंतूंत कसे शिरतात, याच्या सुरुवातीच्या अवस्था त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली उलगडल्या. बापट, रणदिवे यांच्यासोबत केलेल्या कामातून एक जंतू प्रयोगशाळेत वाढवला गेला. पुढे त्यावरून कुष्ठरोगाची लस तयार करण्याचे प्रयत्न झाले.

१९६० ते १९६३ ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघाचं अध्यक्षपद, राष्ट्रीय संशोधन प्राध्यापकपद, पद्मभूषण असे मान त्यांना मिळाले. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचं निधन झालं.

त्यांच्या हयातीतच, १९६३ मध्ये, मुंबईत लोकसंख्येवर आधारित देशातली पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली. आज देशात ठिकठिकाणी अशा नोंदणी आहेत. मोजल्याशिवाय बोलायचं नाही, हा खानोलकरांचा धडा त्यांतून पुढे चालू आहे.

धार-देवास असो की निपाणी-बेळगाव, घरात एवढं तरी व्हावं. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तोंड पुरतं उघडेनासं झालं, तर टॉवरकडे बोट दाखवत बसू नये आणि पाला वाटत बसू नये. सरळ डॉक्टरांना दाखवावं आणि त्यांनी सांगितलं तर तुकडा तपासणी करून घ्यावी. तुकडा काढल्याने रोग पसरतो ही समजूत चुकीची आहे. तोंडाचा कर्करोग लवकर सापडला तर बरा होण्याची आशा पुष्कळ असते. आणि खिशातली तंबाखूची पुडी आजच टाकून द्यावी.